चौकटीबाहेरचा तारा

मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र कोणाला दाखवले, की पहिला प्रश्न कॅमेऱ्याविषयी येतो आणि दुसरा किमतीविषयी. क्वचित एखादा जाणकार दुर्बिणीचा व्यास विचारतो. हे चित्र कोणत्या ताऱ्याच्या आधाराने काढले, असे मात्र आम्हाला आजवर कोणी विचारलेले नाही. विचारावे तरी कसे? तो तारा बहुधा चित्रात नसतोच. चौकटीच्या बाहेर, थोडा बाजूला, नाव नसलेला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा असा एक तारा निवडायचा, त्याच्यावर रात्रभर नजर रोखून ठेवायची, आणि त्या नजरेच्या जोरावर शेजारच्या तेजोमेघाचे चित्र घ्यायचे, ही या छंदाची रीत आहे. पूर्वी ही नजर माणसाची असे. आता ती यंत्राची असते. या यंत्रणेला ऑटोगायडिंग म्हणतात. तिच्याविषयी, आणि तिने मोकळ्या केलेल्या माणसाच्या नजरेचे पुढे काय होते याविषयी, चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

आधी गरज समजून घेऊ. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि त्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. (एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला, ही पंचांगातील जुनीच मापे येथेही चालतात.) पाच मिनिटांच्या छायाचित्रात हे सरकणे सव्वा अंश भरते, म्हणजे चंद्राच्या अडीच बिंबांइतके. म्हणून दुर्बीण विषुववृत्तीय माउंटवर बसवतात. या माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला, की एकच मोटर संथपणे फिरवून आकाशाची गती साधता येते. तत्त्व निर्दोष आहे. दोष असतो तो लोखंडात आणि पितळेत. मोटरची गती मळसूत्री दांड्यामार्फत दातेरी चाकाला मिळते. चाकाला १८० दाते असतील, तर हा दांडा सुमारे ४७९ सेकंदांत एक फेरी पुरी करतो. आणि त्याच्या आट्यांमध्ये केसभर जरी असमानता असली, तरी दर फेरीत दुर्बीण थोडी पुढे जाते, थोडी मागे राहते. हौशी माणसाला परवडणाऱ्या माउंटमध्ये हे मागेपुढे होणे काही दहा विकलांपर्यंत जाते. याउलट, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असलेला कॅमेरा घेतला, तर एका पिक्सेलवर आकाशाचा सुमारे दोन विकलांचाच तुकडा पडतो. साडेपाच किलोमीटरवर ठेवलेले दहा रुपयांचे नाणे एका विकलेएवढे दिसते, एवढे सांगितले म्हणजे लेथवर कितीही हात बसला तरी हे काम नुसत्या यंत्रकामाने का भागत नाही, ते लक्षात यावे.

दुसरी अडचण आमच्या मुलखाची आहे. आम्ही तिघे जालन्याचे. एक शिक्षक, एक बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला, आणि एकाचे औद्योगिक वसाहतीत लेथचे दुकान. दुर्बीण लावतो ती घनसावंगी तालुक्यात, आमच्यातील एकाच्या मामांच्या मोसंबीच्या बागेलगत. तेथे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेएकोणीस अंशांवर असतो, कारण ध्रुवाची उंची ही त्या जागेच्या अक्षांशाइतकी. युरोपातील निरीक्षकाला ध्रुव डोक्याशी स्वच्छ हवेत सापडतो. आम्हाला तो धुळीच्या आणि धुराच्या जाड थरांतून शोधावा लागतो. एवढ्या खाली वातावरणातील वक्रीभवनामुळे तो आहे त्याहून सुमारे पावणेतीन कला वर दिसतो. शिवाय ज्याला आपण अढळ म्हणतो तो तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून आजही अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. भर म्हणजे त्याच दिशेला, उत्तरेला, जालना शहर आहे. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल्स यांचे शहर. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्यांनी केली त्यांच्या काळी सोने व्यापारातले होते; आज रात्री उत्तरेच्या आकाशाला खरोखरच सोनेरी कड असते. अक्ष लावायचा तो त्या उजेडातून डोकावणाऱ्या ध्रुवाकडे पाहून.

या दोन्ही दोषांवरचा उपाय म्हणजे ऑटोगायडिंग. मुख्य दुर्बिणीच्या पाठीवर तीस ते पन्नास मिलिमीटर व्यासाची एक छोटी दुर्बीण घट्ट बसवतात आणि तिला एक लहानसा कृष्णधवल कॅमेरा जोडतात. आजच्या बाजारात ही साधी जोडी वीस-तीस हजारांच्या घरात जाते. हा कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांनी एक चित्र घेऊन संगणकाकडे पाठवतो. संगणक त्यातील एक तारा धरून ठेवतो. ताऱ्याचा प्रकाश काही पिक्सेलांवर सांडलेला असतो. कोणत्या पिक्सेलवर किती, याचा तोल काढून त्याचा मध्य पिक्सेलच्या दहाव्या हिश्शाइतका अचूक ठरवता येतो. मध्य ढळला, की माउंटला सूचना जाते. समजा दीड विकलेची दुरुस्ती करायची आहे आणि दुरुस्तीचा वेग आकाशाच्या वेगाच्या निम्मा, म्हणजे सेकंदाला साडेसात विकला, ठेवला आहे. तर मोटरला २०० मिलिसेकंदांचा एक हलका धक्का मिळतो. असे शेकडो धक्के रात्रभर चालू राहतात. कामाला लागण्यापूर्वी यंत्र स्वतः शिकून घेते. दुर्बीण थोडी पश्चिमेला, थोडी उत्तरेला हलवून तारा चित्रात कोणत्या बाजूला किती सरकतो ते पाहते, आणि त्यावरून आपल्या दिशा बसवते.

यातील एक बारकावा आम्हाला विशेष भावतो. चूक दिसली की ती पूर्ण दुरुस्त करायची नाही, असा या प्रणालींचा नियम आहे. सत्तर टक्क्यांच्या आसपास दुरुस्ती करून थांबायचे आणि पुढचे चित्र पाहायचे. कारण दिसलेल्या चुकीत काही अंश यंत्राचा, तर काही नुसत्या हवेच्या थरथरीचा असतो. हवेच्या प्रत्येक थरथरीमागे धावत सुटले, तर यंत्रच झुलायला लागते आणि दोष निस्तरण्याऐवजी वाढतो. मर्यादाही आहेत. वाऱ्याचा झोत आला तर यंत्राला तो आधी कळत नाही. छोटी दुर्बीण मोठीच्या तुलनेत किंचित वाकली, तर तारा जागेवर आणि चित्र मात्र ओढलेले, असे होते. ते टाळण्यासाठी मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातून कडेचा तुकडा एका लोलकाने वेगळा काढून त्यावर मार्गदर्शक तारा धरतात. तेव्हा तर तो तारा नियमानेच चौकटीबाहेरचा असतो.

या उपकरणांचा इतिहास तसा छोटा. कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा इन्स्ट्रुमेंट ग्रुप या कंपनीने १९९० च्या सुमारास एसटी-४ नावाचे उपकरण हौशी लोकांसाठी बाजारात आणले. ते आता संग्रहात जमा झाले असले, तरी त्याच्या जोडणीची पद्धत अजून अनेक माउंटवर ‘एसटी-४’ याच नावाने नांदते आहे. पुढे क्रेग स्टार्क या स्मृतीवर संशोधन करणाऱ्या मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापकाने एक मोफत प्रणाली लिहिली. तिचे नाव पीएचडी. पण ती पदवी नव्हे. ‘बाबा रे, येथे बटण दाब’ अशा अर्थाच्या खट्याळ इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. तिची मुक्तस्रोत आवृत्ती आज जगभर वापरली जाते, आणि आमच्या बागेतल्या लॅपटॉपवरही.

माणसाच्या नजरेचा इतिहास मात्र पुष्कळ मोठा आहे, आणि आमच्या मते अधिक वाचनीय. १८६६ च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात एका छायाचित्रकाराच्या गच्चीवर चित्रे मोठी करण्याचे एक अवजड यंत्र होते. त्याला सूर्याचा प्रकाश लागे, म्हणून ते दिवसभर हाताने सूर्याकडे वळवत ठेवावे लागे. आधीची पोरे या कामावर पेंगत, असे सांगतात. मग नऊ वर्षांचा एक पितृहीन, गरीब मुलगा त्यावर नेमला गेला. तो पेंगला नाही. हाच पुढे एडवर्ड एमर्सन बर्नार्ड म्हणून लिक वेधशाळेत आणि नंतर यर्किस वेधशाळेत नावारूपाला आला. आकाशगंगेची त्याने घेतलेली चित्रे तासन्‌तास चालत. कॅमेऱ्याला जोडलेल्या दुर्बिणीतून तो एका ताऱ्याकडे पाहत बसे आणि तारा काटतारांवरून ढळू लागला की हाताने सावरून घेई. लहानपणी सूर्य, मोठेपणी तारा; धंदा एकच, नजर न ढळू देण्याचा. त्याचा आकाशगंगेचा छायाचित्रसंग्रह १९२७ साली निघाला, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, आणि तो पुरा करण्यात त्याची भाची मेरी कॅल्व्हर्ट हिचा वाटा मोठा होता.

मिल्टन ह्यूमसनची गोष्ट याच जातीची. शाळा सोडलेला हा पोरगा माउंट विल्सनवर खेचरे हाकत सामान चढवी. मग वेधशाळेत झाडलोट, मग रात्रीचा मदतनीस, मग निरीक्षक. शंभर इंची दुर्बिणीवर दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट त्याने घेतले. त्यांतील काहींना अनेक रात्री मिळून तीस तासांहून अधिक काळ लागला, आणि त्या साऱ्या वेळात कोणीतरी थंडीत ताऱ्यावर डोळा लावून बसलेले असे. विश्व प्रसरण पावते या नियमाला जग हबलचा नियम म्हणते. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलसंघाने त्यात लमेत्रचे नाव जोडण्याची शिफारस केली. ह्यूमसनचे नाव त्यात नाही. चौकटीबाहेरचे तारे आकाशातच असतात असे नाही.

आपल्याकडेही या परंपरेचा एक धागा आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. पुढे ती कोडाईकनालला गेली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला तळ ठोकला होता आणि लिक वेधशाळेची तुकडीही त्याच गावी आली होती. हौशी मंडळींची परंपरा पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून, म्हणजे १९४४ पासून, अखंड चालत आली आहे. मराठवाड्यात या गोष्टी उशिरा पोचल्या, पण पोचल्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या भागात रात्री शेतात राखणीला जाण्याला ‘जागल’ म्हणतात. जागल पूर्वी पिकाची होती, नंतर विजेची झाली. शेतीच्या थ्री-फेजचा पुरवठा आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री; रात्रीची पाळी आली, की मध्यरात्री उठून मोटर चालू करायची आणि दारे धरायची. त्यावर शेतकऱ्याने तोड काढली ती ‘ऑटो’ची. वीज आली की हा ऑटोस्विच मोटर आपोआप चालू करतो. महावितरण ते काढून टाका आणि कॅपॅसिटर बसवा असे सांगत राहिले, कारण वीज येताच परिसरातील सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि रोहित्रावर ताण पडतो. पण झोप कोणाला नको असते?

काही हिवाळ्यांपूर्वी आम्ही प्रथमच ऑटोगायडर घेऊन बागेत गेलो, तेव्हा मामा घोंगडी पांघरून बाजूला बसले होते. मोसंबीचा आंबेबहार फुटला होता आणि सगळी बाग वासाने भरली होती. पडद्यावर ताऱ्याच्या ढळण्याचा आलेख उमटत होता: एक लाल, एक निळी रेघ, दोन्ही शून्याच्या आसपास खालीवर होणाऱ्या. मामांनी सगळे समजावून घेतले. मग म्हणाले, “म्हंजे ह्यो तुमचा ऑटोच की.” आम्ही होकार दिला. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, “मंग तुमी कामून जागता?”

प्रश्नात थट्टा नव्हती. ज्याने आयुष्यातील कित्येक रात्री विजेची वाट पाहत काढल्या, त्याला विनाकारण जागणे ही चैन वाटणे स्वाभाविक आहे. आणि प्रश्न खराही होता. यंत्र तारा धरते, कॅमेरा चित्रे साठवतो, दव पडू नये म्हणून भिंगाभोवती गरम पट्टा असतो. बॅटरी पुरेशी असेल तर पहाटेपर्यंत माणसाचे तेथे काम नाही. आमच्या ओळखीतील पुष्कळ जण गाडीत झोपतात, आणि त्यात गैर काही नाही. सकाळी त्यांना शाळा आहे, कचेरी आहे. काटतारांवर डोळा लावून तीन तास मान वाकडी करून बसण्यात काही पावित्र्य होते, असेही आम्ही मानत नाही. बर्नार्डला हे यंत्र मिळते, तर त्याने ते आनंदाने वापरले असते.

पण याच बर्नार्डची एक हकीकत मामांच्या प्रश्नाला उत्तर देते असे आम्हाला वाटते. आकाशगंगेत अनेक ठिकाणी काळी भगदाडे दिसतात. ती ताऱ्यांमधील रिकाम्या जागा की प्रकाश अडवणारे काही द्रव्य, याविषयी तो वर्षानुवर्षे घुटमळत होता. १९१३ च्या उन्हाळ्यातील एका निरभ्र, चंद्रहीन रात्री तो दक्षिणेकडच्या आकाशगंगेचे चित्र घेत होता. त्या वेळी धनू राशीतील ताऱ्यांच्या दाट पुंजक्यांवरून काही चिमुकले ढग सरकताना त्याला दिसले. उजळ पार्श्वभूमीवर ते शाईच्या थेंबांसारखे काळे दिसत होते, अगदी त्याच्या चित्रांतील काळ्या डागांसारखे. डाग म्हणजे भोके नसून मध्ये आलेले काहीतरी असावे, या कल्पनेला त्या रात्री बळ मिळाले, असे त्याने स्वतः १९१६ च्या एका निबंधात नोंदवले आहे. मार्गदर्शक ताऱ्याला हे ढग कळले नसते. तारा धरणाऱ्या यंत्राला तर ते अडथळा वाटले असते. तारा हरवला, एवढीच त्याची नोंद झाली असती. ढग पाहिला तो काटतारांवरून क्षणभर नजर काढणाऱ्या माणसाने.

आमच्या बागेतून दिसलेली गोष्ट एवढी मोठी नाही, आणि आनंदाची तर नाहीच. चैत्र-वैशाखात, रात्र थोडी चढली की ध्रुवमत्स्य ध्रुवाच्या वर उभा असतो. त्याच्या सात ताऱ्यांपैकी तीन ठळक. बाकीचे चार मंद, त्यांतील एक तर पाचव्या प्रतीचा. कॅमेरे चित्रे घेत असताना आम्हाला दुसरे काम नसे, म्हणून या सातांपैकी नुसत्या डोळ्यांना किती दिसतात हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवायची सवय लागली. पहिल्या पानांवर सात आहेत. मग सहा येऊ लागले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्या सुमारास गावोगावी पांढरे एलईडी दिवे लागले होते, जालन्याची वसाहतही वाढत होती. यांपैकी कोणाचा वाटा किती, हे आम्हाला ठरवता येणार नाही. निळसर पांढरा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, एवढे मात्र भौतिकशास्त्र सांगते. गेल्या दोन वर्षांच्या पानांवर पाच आहेत, आणि धुळीच्या रात्री तीन.

या सर्व काळात ऑटोगायडरचा आलेख उत्तम होता. किंबहुना दरवर्षी सुधारत गेला. नवी प्रणाली एका ताऱ्याऐवजी अनेक ताऱ्यांची सरासरी धरते. त्याला हवा असतो एक तारा, आणि एक तारा शहरावरूनही सापडतो. आकाश उजळत चालले आहे हे कळण्याची सोय त्याच्यात नाही. ते त्याचे कामही नाही. मंद तेजोमेघ पुसट होत जातात तेव्हा संगणकावर पार्श्वभूमीचा उजेड वजा करता येतो, जास्त चित्रे घेऊन तूट भरून काढता येते, आणि चित्र पुन्हा देखणे होते. म्हणजे आकाश हरवत असताना चित्रे चांगली येत राहतात. या छंदातील आमची खरी चिंता हीच आहे. चित्रावरून हरवलेल्याचा पत्ता लागत नाही. तो वहीवरून लागतो, आणि वही जागणाऱ्या माणसाची असते.

अंधार हा जतन करण्याचा विषय आहे, हे आता सरकारदरबारीही मान्य होऊ लागले आहे. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ते चांगलेच झाले. पण वाघाच्या आसऱ्याने अंधार टिकावा आणि माणसांच्या गावातून तो जावा, ही वाटणी आम्हाला पटत नाही. जालन्याच्या भट्ट्या बंद व्हाव्यात असे कोणी म्हणणार नाही; हजारोंची चूल त्यांवर पेटते. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईमाणसाला दिवा हवाच. दिव्याचा प्रकाश रस्त्यावर पडावा, आभाळात जाऊ नये, एवढीच मागणी आहे आणि तिला विजेचा नव्हे, पत्र्याचा खर्च आहे. गेल्या वर्षी सरपंचांच्या परवानगीने आमच्या लेथवाल्या मित्राने बागेकडच्या रस्त्यावरील एका दिव्याला वरून पत्र्याची टोपी करून बसवली. टोपीखाली रस्ता पूर्वीपेक्षा उजळ दिसतो, असे लोक म्हणाले. आणखी दोन दिव्यांचे बोलणे चालू आहे.

मामांच्या शेतात आता सौर पंप आला आहे. पाणी दिवसा मिळते. ऑटो निघाला, रात्रीची पाळीही संपली. ते दहाच्या ठोक्याला झोपतात, आणि त्यांचे हे झोपणे आम्हाला कोणत्याही तेजोमेघाहून समाधानाचे वाटते. बागेत जागल उरली आहे ती आमचीच. छायाचित्र छापायला देताना हल्ली आम्ही खाली कॅमेरा आणि दुर्बीण यांच्याबरोबर मार्गदर्शक ताऱ्याचा सूचीतील क्रमांक देतो, आणि त्या रात्री ध्रुवमत्स्याचे किती तारे दिसले तेही. वाचणाऱ्यांना दोन्ही आकडे परके वाटतात. कोणी विचारले तर सांगायला आम्ही आहोतच. यंदाच्या वैशाखातील नोंद अजून व्हायची आहे.